आज पीठ कुणी मळलं?

निवृत्त झाल्यापासून लोक विचारतात, "तुम्ही नक्की काय करायचात हो?" नातेवाइकांना वाटतं मी रेशन दुकानात होते. मागच्या उन्हाळ्यात एका लग्नात मामेभावाने पाहुण्यांना माझी ओळखच अशी करून दिली, "ही आमची ताई, रेशन वाटायची." वाटत असते तर बरं झालं असतं. इतक्या वर्षांत मी एक दाणा कुणाच्या पिशवीत टाकला नाही. मी बाजारात टेबल टाकून बसायचे आणि समोर आलेल्या माणसाला सांगायचे की सरकारच्या हिशेबी तू पुरेसा गरीब आहेस की नाहीस.

हे वाक्य लिहितानासुद्धा माझं डोकं तापतं. पण काम तेच होतं, तेव्हा तसंच लिहिते.

आमची संस्था लहान, नांदेडात एका दुकानावरच्या खोलीत. ऑफिसात बसून गरीब माणूस येत नाही, हे पहिल्याच महिन्यात कळलं, म्हणून आम्ही आठवडी बाजार धरले. इस्लापूर, माहूरच्या रस्त्यावरची गावं, इकडे लातूरच्या बाजूला उदगीर-निलंग्याकडची. एक घडीचं टेबल, दोन खुर्च्या आणि एक मोठी छत्री. त्यातली एक खुर्ची कायम शेजारच्या चहावाल्याकडे गिऱ्हाईक बसवायला गेलेली असायची. माझे वडील विष्णुपुरीच्या धरणावर मजूर होते. अक्षर ओळखणारे वस्तीत ते एकटे, त्यामुळे सगळ्यांचे अर्ज तेच लिहायचे. शिकलेल्या माणसाने दुसऱ्याचं कागदाचं ओझं उचलावं, असं ते म्हणायचे. मी ते जरा फारच मनावर घेतलं.

ज्यांना रेशनच्या रांगेत कधी उभं राहावं लागलं नाही त्यांच्यासाठी थोडं सोपं करून सांगते. कार्डं तीन रंगांची. पिवळं म्हणजे सगळ्यात गरीब. पांढरं म्हणजे ज्यांना गरज नाही असं सरकारला वाटतं. मधलं केशरी, आणि सगळी गंमत तिथेच आहे, कारण केशरीत काहींना धान्य मिळतं आणि काहींना नुसतं कार्ड मिळतं. तुम्ही कुठे बसता हे ठरतं तुमच्या घराच्या उत्पन्नावर. त्याची मर्यादा इतकी जुनी आहे की घरातली दोन माणसं वर्षभर नेमानं मजुरीला गेली तर ती ओलांडली जाते. म्हणजे धान्य पाहिजे तर कामाला जाऊ नका. आणि मग हीच व्यवस्था चालवणारी माणसं चहा पिताना म्हणतात, फुकटच्या धान्यानं लोक आळशी झाले, शेतात कामाला माणूस मिळत नाही.

समजा तुम्ही नियमात बसलात. तरी धान्य मिळेलच असं नाही. प्रत्येक तालुक्याला किती लोकांना धान्य द्यायचं तो आकडा ठरलेला असतो, त्याला इष्टांक म्हणतात. तो भरला की तुम्ही कितीही उपाशी असा, थांबायचं. कुणीतरी मेलं किंवा कुणाचं नाव कापलं की जागा होते. मी स्वतःच्या तोंडाने बायकांना सांगितलंय, "मावशी, तुम्ही बसता, पण सध्या जागा नाही." त्यातल्या एकीने मला शांतपणे विचारलं होतं, "कुणाच्या मरणाची वाट बघायची, ते नाव तेवढं सांगा."

या लेखाच्या वाचकांपैकी निम्मे तरी आत्ता मनात म्हणत असतील की बोगस कार्डंही पुष्कळ आहेत. आहेत ना. तीही मी पाहिली, आणि ती कुणाची होती तेही सांगते. पण त्याआधी गयाबाई.

गयाबाई हे तिचं खरं नाव नाही, तिच्या घरच्यांची नावंही बदललेली आहेत. गावाचं नाव मी लिहिणार नाही आणि कार्यालय कुठलं तेही सांगणार नाही. असं का, ते शेवटपर्यंत वाचलंत की कळेल.

बाजाराच्या दिवशी ती टेबलापुढे आली. सत्तरीच्या आसपासची, अंगावर जुनेर, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड.

"ताई, ह्याच्यावरचं धान्य बंद झालंय. दुकानदार म्हणला, बाजारात एक बाई बसती, तिला इचार."

मी विचारलं घरी कोण कोण.

"पोरगा हाय, सून हाय, नात हाय. मालक जाऊन लई वर्सं झाली."

"मुलगा काय करतो?"

"साळंवर शिपाई हाय," ती म्हणाली, आणि इतका वेळ वाकलेली म्हातारी जरा सरळ बसली.

तिथेच माझ्या डोक्यात हिशेब मिटला. अनुदानित शाळेतला शिपाई म्हणजे पगारदार. पगारदाराच्या घराला धान्य नाही. कार्डावर त्याचं नाव, त्यामुळे त्याच्याबरोबर सगळं घर बाहेर. तरी मी नेहमीचा प्रश्न विचारला, "मुलगा वेगळा राहतो का?"

"न्हाई की. एकच हाव आमी."

"मग नाही बसत, मावशी."

"बरं," असं म्हणून ती उठली.

माझ्या टेबलावरून भांडून उठणारे पुष्कळ होते. मॅडम पैसे खाते, मॅडमला काही कळत नाही, असं बाजारभर ओरडत जायचे. त्यांचं मला कधी वाईट वाटलं नाही. "बरं" म्हणून उठणाऱ्यांचं वाटायचं. गयाबाई उठली आणि छत्रीच्या सावलीतच जरा मागे जाऊन बसली. गाठोडं सोडलं. त्यात अर्धी भाकर आणि कोरडी चटणी. त्यातली अर्धी तिने पुन्हा बांधून ठेवली. मी सहज, काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "सुनेनं बांधून दिली का?"

"न्हाई, मीच थापली."

"का? सून करत नाही का?"

"ती तिचं करती. माझी चूल मागं हाय."

मी खुर्ची वळवली. "मावशी, आज पीठ कुणी मळलं?"

"मपलं पीठ मीच मळीन की. दुसरं कोण मळंल?"

नियमातलं कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. गयाबाईची चूल वेगळी, म्हणजे तिचं कुटुंब वेगळं. साठी ओलांडलेली, विधवा, कुणाचा आधार नसलेली बाई, ती तर पिवळ्या कार्डात बसते, सगळ्यात आधी. आणि मी तिला नाही बसत म्हणून उठवलं होतं, कारण तिने मला सांगितलं होतं की आम्ही एकच आहोत.

"मग मघाशी एकत्र आहोत असं का सांगितलं?"

ती माझ्याकडे बघतच राहिली, एवढं साधं हिला कळत नाही म्हणून. "वेगळं झालं म्हणलं की लोक काय म्हणतेत? पोरानं टाकली. शेण घालतेन त्याच्या तोंडात. साळंत काम करतो त्यो, इज्जत हाय त्याची."

आपल्याकडे ही एक रीत आहे आणि ती कुठल्याही सरकारी कागदात नाही. घरात दोन चुली पेटल्या तरी बाहेर सांगायचं एकच. म्हातारी माणसं तर मरेपर्यंत सांगतात. एका भिंतीआड वेगळं शिजवतील, मिठाचा खडासुद्धा मागणार नाहीत, पण कुणी विचारलं की, हाव, पोरापाशी हाय मी, लई चांगलं सांभाळतो. ती माणसं खोटं बोलत नाहीत, घर झाकतात. आणि सरकार झाकलेलं घर बघून लिहितं, एकत्र कुटुंब, अपात्र.

त्या दिवसापासून "वेगळे राहता का" हा प्रश्न मी सोडला. त्याऐवजी एकच विचारायचे, आज पीठ कुणी मळलं? त्याला लोक खरं उत्तर देतात, कारण त्यात कुणाची अब्रू जात नाही.

आता ती बोगसवाली गोष्ट. हाच प्रश्न उलट्या बाजूनेही कामाला यायचा. उदगीरकडच्या एका बाजारात एक गृहस्थ आले, पांढरेफेक कपडे, मोटारसायकल टेबलाला टेकवूनच उभी केली. म्हणाले, "मॅडम, आम्ही चौघं भाऊ विभक्त हाव. तिघांची कार्डं झाली, माझं तेवढं बघा." कागद सगळे चोख, वेगळे राहत असल्याचा दाखलासुद्धा होता. मी विचारलं, "आज पीठ कुणी मळलं?" ते मोठ्या अभिमानाने म्हणाले, "आमच्या घरात बायकांना चुलीपाशी बसावं लागत न्हाई, मॅडम. चौघांच्या सैपाकाला मिळून एक बाई हाय." चहावाला इतका हसला की किटली खाली ठेवावी लागली. माझ्या टेबलावर त्यांचं काही झालं नाही, पण पुढे त्यांचंही कार्ड झालं असं ऐकलं. ज्यांची चूल एक ते कागदावर चार, आणि जिची चूल वेगळी ती कागदावर एकत्र. ही कुणाची बोगसगिरी, ते तुम्हीच ठरवा.

गयाबाईचं वेगळं कार्ड मागणारा अर्ज मी केला. तिला पटवायला दोन बाजार गेले. तिच्या घरी गेले तेव्हा बाकीचं कळलं. पुढे मुलाचं, माणिकचं, पक्कं घर. मागे पत्र्याचा सपरा, त्यात तीन दगडांची चूल आणि एक डबा. पोराच्या नोकरीसाठी तिने स्वतःच्या नावावरचं रान विकलं होतं. शाळेत शिपाई व्हायलासुद्धा काय काय द्यावं लागतं हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. तिने रान विकून नोकरी आणली आणि त्या नोकरीनेच तिचं धान्य बंद केलं. मग चूल वेगळी कशी झाली? माणिक एकदा जेवताना चिडून बोलला होता, "बसून खातीस नुसती." एकदाच बोलला. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने मागे दगड मांडले. भांडण नाही, रडारड नाही. खुरपायला जायची आणि मिळेल ती ज्वारी आणायची. आता कंबर धरली होती, खुरपणीला कुणी बोलवत नव्हतं, आणि डबा रिकामा होत चालला होता.

चौकशीला पुरवठा निरीक्षक आले. मी मुद्दाम हजर राहिले. साहेब गाडीतून उतरले ते अंगणातच थांबले. शेजारपाजार जमला. साहेबांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आजी, मुलगा सांभाळत नाही का तुम्हाला?"

सख्खी मायच उभी केली पोराविरुद्ध साक्ष द्यायला, तीही भर अंगणात. कुठली आई देईल?

"सांभाळतो की," गयाबाई म्हणाली. "लई चांगलं सांभाळतो."

साहेब लिहायला लागले. मी म्हणाले, "साहेब, मागे वेगळी चूल आहे. चार पावलं चालून बघा."

"मॅडम, पाणी तापवायला चूल कुणाकडे नसते?" असं म्हणून ते गाडीत बसले. अपात्र.

गयाबाई माझ्यावरच तापली. "तू माझं घर फोडाया आलीस का?" म्हणाली. तिच्या जागी मी असते तर माझ्या टेबलालाच लाथ मारली असती. पण चीड माझीही कमी नव्हती. मी वरच्या कार्यालयात तक्रार केली. त्यात स्पष्ट लिहिलं की मुलगा सांभाळतो का असं विचारू नका, स्वयंपाक कुठे होतो ते बघा. फेरचौकशीचा आदेश निघाला. माझ्या त्या ओळीचं उत्तर काही आलं नाही.

फेरचौकशीला तेच साहेब आले. या वेळी पारावर, पाच पंचांसमोर पंचनामा. माणिक शाळेतून सुट्टी काढून आला होता, खांबाला टेकून उभा. त्याची बायको शोभा बायकांच्या मागे, डोक्यावर पदर. साहेबांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, शब्दसुद्धा बदलला नाही. आता ही "सांभाळतो" म्हणाली की दार कायमचं बंद, हे मला माहीत होतं. गयाबाईने तोंड उघडलं.

"साहेब, मी बोलू का?" शोभा पुढे आली. पुरुषांच्या पारापर्यंत आली आणि खाली बघत म्हणाली, "मी वेगळं काढलं आत्यांना. माझं पटत न्हाई त्यांच्यासंगं. मी त्यांला घास देत न्हाई. ह्यांचा ह्याच्यात काही दोष न्हाई. त्या मागं त्यांच्या चुलीवर खातेत, बघा जाऊन."

गयाबाई म्हणाली, "ए पोरी, काय बोलून राहिलीस तू?" शोभाने तिच्याकडे पाहिलंच नाही.

आणि मग जे झालं त्याची चीड मला आजही तेवढीच येते. पाचही पंचांनी माना हलवल्या. ज्यांना ती चूल कधी दिसली नव्हती त्यांना ती एकदम दिसायला लागली. एक जण म्हणाला, आमी बघतच होतो, म्हातारीचे हाल. मुलाने टाकली यावर कुणी सही केली नसती, पण सुनेने काढली हे गावाला ऐकल्याबरोबर पटलं. साहेबांनाही पटलं. या वेळी ते मागे जाऊन चूल बघून आले. सगळ्यांनी सह्या केल्या. माणिक खांबाला टेकून जमिनीकडे बघत होता. एक वाक्य बोलला असता तर बायकोची अब्रू वाचली असती. मी त्याच्याकडे इतकं रोखून पाहिलं की शेजारचा माणूस बाजूला सरकला. तो बोलला नाही.

कार्ड झालं. गहू-तांदूळ यायला लागला. माझ्या अहवालात एक पात्र लाभार्थी वाढला आणि ऑफिसात मला शाबासकीही मिळाली.

गावात शोभा "सासूला काढणारी" झाली. संक्रांतीचं वाण द्यायला कुणी तिच्या दारात आलं नाही. हापशावर बायका बोलणं थांबवायच्या. माहेरचा भाऊ येऊन चारचौघांत बोलून गेला. खरी गोष्ट मला नंतर तिनेच सांगितली. इतके दिवस ती लेकीच्या हाताने मागे कालवणाची वाटी पाठवत होती, म्हातारी कधी घ्यायची, कधी परत करायची. "आत्या कदी पोराचं नाव घेणार न्हाईत, ते मला ठाव होतं," शोभा म्हणाली. "कुणाचं तरी नाव जाणारच होतं. मग मपलं गेलं."

माणिक मला एकदा नांदेडच्या बसस्टँडवर भेटला. आपणहून जवळ आला. "ताई, त्या दिवशी मी बोलाया पाहिजे होतं."

"मग आता बोला की. पारावर जाऊन सांगा, बायको चांगली आहे म्हणून."

"आता बोललो तर आईचं कार्ड जाईल, ताई."

मला त्याला दोन शब्द सुनवायचे होते. पण तो खरं बोलत होता. सून चांगली आहे, वाटी पाठवते, असं गावात एकाने जरी म्हटलं आणि कुणी तक्रार केली, तर पुन्हा साहेब, पुन्हा पार, पुन्हा एकत्र कुटुंब. म्हातारीला जेवायचं असेल तर त्या घराने एकमेकांशी वाईटच वागलं पाहिजे, निदान तसं दिसलं तरी पाहिजे. घासभर भातासाठी आपण गरिबाकडून काय काय मागतो बघा. आणि वर त्याला फुकट म्हणतो.

निवृत्त व्हायच्या आधी मी शेवटचं त्या गावाला गेले. शोभा पुढच्या अंगणात भांडी घासत होती. शेजारची बाई तिच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मला पाहून गयाबाई मागून पुढे आली आणि मोठ्याने म्हणाली, "आल्या का ताई? बघा ही माझी सून. घासभर अन्न देत न्हाई मला. हिचं कदी भलं व्हणार न्हाई." मी चपापले. शोभा मान खाली घालून पातेलं घासत राहिली, तिच्या हाताची लयसुद्धा बदलली नाही. ओट्यावरच्या बाईने मान हलवली, सूप उचललं आणि ती आत गेली.

गयाबाईने मला हाताला धरून सपऱ्यात नेलं. चुलीवर रेशनचा भात शिजत होता. बाजूला एक वाटी, पालथ्या थाळीनं झाकलेली. मी थाळी उचलली तर आत वरण, वरून फोडणी दिलेलं, अजून गरम. तिच्या चुलीवर दुसरं भांडंच नव्हतं.

"झाका ते," ती म्हणाली. मग आवाज उतरवून, "तिनंच सांगितलंय मला, लोकांसमोर बोलत जा मनून. आदी आदी जमलं. आता सुचत न्हाई, ताई. चांगल्या लेकराला किती दिवस शिव्या द्याव्या मी?"

मी वाटीवर थाळी ठेवली आणि बाहेर आले.

शेजारची बाई पुन्हा ओट्यावर येऊन बसली होती. मी अंगणातून निघाले, तेव्हा मागून गयाबाईचा आवाज आला, मघापेक्षा मोठा.